रिमचं पाणी

लग्नात जेवायला बसलो की माझ्या शेजारची खुर्ची फार वेळ रिकामी राहत नाही. कुणीतरी येऊन बसतं, तब्येत विचारतं आणि भात वाढायच्या आत खिशातून मोबाईल काढतं. मोबाईलवर गाडीचा फोटो असतो. "आण्णा, हा ओरखडा जाईल का?" "आण्णा, हे बारीक ठिपके कसले?" गाड्या रंगवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. साताऱ्यात हायवेला लागून असलेल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मी रंगखात्याचा फोरमन होतो. आता निवृत्त होऊन सांगलीला घरी असतो. त्यामुळे लोक विचारणारच, त्याचा मला राग नाही.

हल्ली मात्र एक प्रश्न फार येतो. चाकं धुवायचं औषध आता घरबसल्या मागवता येतं. झकास बाटली असते, फवारलं की काळंकुट्ट चाक आरशासारखं होतं. मग माणसाला वाटतं, चाक एवढं निघतंय तर दरवाजावरचे डागही निघतील. "हे रंगाला चालतं ना, आण्णा?"

जे खरं आहे ते सांगतो. चाकावरची काळी पूड ही साधी धूळ नसते. ब्रेक दाबला की आतली लोखंडी डिस्क आणि तिला घासणारं पॅड, दोन्हींचा बारीक भुगा उडतो. तो तापलेला असतो आणि चाकाला चिकटून बसतो. साबणाने तो पूर्ण जात नाही. म्हणून वेगळं औषध लागतं, आणि ते ढोबळ मानाने तीन तऱ्हेचं येतं. एक साबणाच्याच जातीचं. दुसरं लोखंडाला लागलं की जांभळं होतं आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ही दोन्ही औषधं रंगावर उडाली तरी सहसा बिघडत नाही. पत्रा थंड हवा, औषध वाळू द्यायचं नाही आणि भरपूर पाणी मारायचं. तिसरं असतं आम्लाचं. ते रंगाच्या जवळपासही नेऊ नये. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला आम्ही क्लिअर म्हणतो. गाडीची चमक म्हणजे हा थर. आम्ल त्याच्यावर उन्हात वाळलं तर तो दुधाळ होतो, आणि मग कितीही पॉलिश करा.

खंडाळ्याचे एक गृहस्थ होते, नवीकोरी पांढरी गाडी. त्यांनी हौसेने घराच्या अंगणात अख्खी गाडी असल्या औषधाने पुसून काढली आणि चहा प्यायला आत गेले. बाहेर आले तर बॉनेट चुन्याचा हात मारल्यासारखं. माझ्यासमोर उभे राहून ते डोळे पुसत होते. त्यांचं मी हसण्यावारी नेलं नाही. माणसाने पहिली गाडी घेतलेली असते.

इथपर्यंत मी पंगतीत सांगतो. ऐकणाऱ्याचं समाधान होतं, तो मोबाईल खिशात ठेवतो. पुढचं मी तिथे सांगत नाही, कारण पुढचं कुणी विचारतच नाही. ते इथे लिहितो.

आमच्या वर्कशॉपमध्ये धुलाईचा वेगळा विभाग होता. गाडीचा टप, काचा, दरवाजे हे उभ्याने करायचं काम गड्यांकडे. चाकं धुवायची म्हणजे ओल्यात उकिडवं बसावं लागतं, म्हणून ती बायकांकडे. त्या बायकांत शालन होती. औंधच्या बाजूच्या एका गावातून रोज एसटीने यायची. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, एक मुलगी शाळेत. शालनला गिऱ्हाइकांचे चेहरे ठाऊक नसत, कारण ती त्यांना बघायचीच नाही. तिला चाकं ठाऊक. पुढचं चाक बघून म्हणायची, "ह्यो गडी ब्रेकवर पाय ठिवूनच झोपतोय जणू." किंवा, "हे बाईमाणसाचं दिसतंय, दमानं चालवतीया." चूक निघाली की स्वतःच खदखदून हसायची. आम्ही तिच्या बाजूला जेवणाचे डबे उघडायचो. तिच्या डब्यातली ज्वारीची भाकरी इतकी पातळ आणि गोल असायची, की मी एकदा विचारलं, ताटावर ठेवून कापतेस की काय. तर तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "ही बोटं हायती, आण्णा. साचा न्हाई."

चाकं धुवायचं औषध सांगलीहून यायचं. निळे कॅन, वर काहीही लिहिलेलं नाही. वर्कशॉपमध्ये त्याचं नाव पडलं रिमचं पाणी. पाण्यासारखंच दिसायचं. पण चाकावर ओतून ब्रश फिरवला की काम फत्ते. आधी एका चाकाला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात गाडीची चारी चाकं व्हायला लागली. आमचे सर्व्हिस मॅनेजर अजित साहेब खूश. साहेब वाईट माणूस नव्हते. शिकलेले, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. पण संध्याकाळच्या आत किती गाड्या गेटबाहेर गेल्या यावर त्यांची झोप अवलंबून असायची.

मग राजाभाऊंची गाडी आली. राजाभाऊंचं महाबळेश्वरला हॉटेल. घाट उतरणाऱ्या गाडीचं चाक किती काळं होतं ते घाटात राहणाऱ्यांनाच विचारा, आणि त्यांची गाडी दिवसाआड उतरायची. गडद निळी, मोठी, फार निगुतीने ठेवलेली. आमच्याकडून धुवून नेल्यानंतर दुसऱ्या दिवशी ते परत आले ते ओरडतच. पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्याला, म्हणजे फेंडरला, पांढरे ओघळ. जणू कुणी ताक सांडून वाळू दिलंय.

अजित साहेबांनी मला बोलावलं. मी बोट फिरवलं, ओलं फडकं मारून पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, हे रिमचं पाणी. चाकावरून वर उडालंय, गाडी उन्हात उभी होती, वाळलंय. क्लिअर गेलं. दोन्ही फेंडर परत रंगवावे लागतील."

"खात्री आहे?"

"एका भंगारातल्या बॉनेटवर टाकून दाखवतो."

दाखवलं. उन्हात ठेवलेल्या बॉनेटवर थोडं ओतलं आणि वाळू दिलं. पत्र्याने तेच ओघळ दाखवले. साहेबांनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं. मी म्हणालो, "हे बंद करा. पत्र्याची ही गत होते, तर त्या बाया दिवसभर उघड्या हाताने यात बसतात."

त्यावर बैठक झाली. बैठकीत जे ठरलं ते ऐकून मला वाटलं, माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं. औषध बंद झालं नाही. गाडी सावलीत घ्यायची, हे ठरलं. आणि चाक धुताना एका हाताने ओलं फडकं फेंडरच्या कडेला दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने ब्रश मारायचा, म्हणजे उडालेलं औषध फडक्यात जिरेल आणि रंगाला लागणार नाही, हेही ठरलं.

"आणि ते फडकं धरणारा हात?" मी विचारलं.

"हातमोजे देतोय की सगळ्यांना," अजित साहेब म्हणाले. "आण्णा, तुम्ही रंगाचं बघा. ते तुमच्याइतकं कुणाला कळत नाही."

हातमोजे आले. दवाखान्यात सुई देताना घालतात तसले, पातळ. चाकाच्या आऱ्यांना कडा असतात, त्यांना घासून ते सकाळीच फाटायचे. फाटलेल्या मोज्यात औषध शिरलं की ते आत कोंडून राहायचं, त्यापेक्षा मोजा नसलेला बरा. मी दोनदा साहेबांकडे जाऊन सांगितलं की जाड रबरी मोजे आणा. ते म्हणाले, "सांगितलंय." कुणाला सांगितलं होतं ते मला आजही ठाऊक नाही.

दिवाळीच्या आधीची गर्दी होती. सगळ्यांना गाडी चकाचक हवी. शालन दिवसभर डाव्या हाताने ब्रश मारत होती आणि उजव्या हाताने फडकं धरत होती, कारण ती डावखुरी होती. उजव्या हाताचा मोजा फाटला, दुसरा मागितला तर संपले होते. संध्याकाळी हात धुवून ती नेहमीसारखी हसत एसटीला गेली. त्या औषधाची हीच रीत. ते लागतं तेव्हा काही कळत नाही. थोडं खाजतं, बस.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता. उजवा हात हळद लावून जुन्या लुगड्याच्या ओल्या धडप्यात गुंडाळलेला. नवऱ्याने गेटपर्यंत आणून सोडलं होतं.

"आण्णा, बघा वो हे. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. नखाच्या आत कुणीतरी दाभण फिरवतंय."

धडपं सोडून पाहिलं. मला वाटलं होतं फोड असतील, भाजल्यासारखं लालभडक असेल. तसं काही नव्हतं. दोन बोटांची टोकं पांढरट पडली होती, नखाखाली जरा करडं दिसत होतं. एवढंच. अजित साहेबही बघून गेले. "काही विशेष दिसत नाहीये," ते म्हणाले. "क्रीम लावा, आज आराम करा."

शालनने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "मी नाटक करतीया व्हय आण्णा?"

मी तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला, बोटाच्या टोकाला नुसता स्पर्श केला तर शालन किंचाळली. दिसतंय त्यापेक्षा दुखणं खूप जास्त आहे, हे डॉक्टरांनी ओळखलं. त्यांनी विचारलं, "औषध कसलं होतं?"

"आम्लाचं असावं."

"कुठलं आम्ल? आम्लाआम्लात फरक असतो. डब्यावर काय लिहिलंय?"

डब्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. अजित साहेबांना फोन केला, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगलीच्या पुरवठादाराचा नंबर दिला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आमचा फॉर्म्युला आहे तो, असा फोनवर सांगता येत नाही." आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही. डॉक्टरांनी तोवर वेदना थांबवायचं इंजेक्शन दिलं, हात धुवून घेतला, साधं मलम लावलं. म्हणाल्या, "काय होतं ते कळलं तर फार बरं होईल. लवकर."

मी तसाच सांगलीची गाडी पकडली. त्या प्रवासाचं काय सांगू. कराडला गाडी थांबली तेव्हा लोक खाली उतरून भजी खात होते, आणि मला त्यांचा राग येत होता.

पुरवठादाराचं दुकान बाजारपेठेत होतं. सगळे त्याला दीपकशेठ म्हणायचे. गल्ल्यामागे बसलेला, कपाळाला गंध, समोर अगरबत्ती. मी वर्कशॉपचं नाव सांगितल्याबरोबर तो उभाच राहिला. तोंडचं पाणी पळालं.

"कुठल्या गाडीचा रंग गेला?" त्याने विचारलं.

"रंग नाही. हात भाजलाय. आमच्या एका बाईचा."

तो परत खाली बसला. त्याने खरोखर सुटकेचा श्वास सोडला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. "हात होय!" तो म्हणाला. "अहो, मला वाटलं बॉनेट गेलं एखाद्याचं. बसा, चहा घेणार?"

मी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. त्या दिवशी मी त्याच्या गल्ल्यावर दोन्ही हात टेकून वाकलो आणि एवढंच म्हणालो, "शेठ, कॅनमध्ये काय आहे ते सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि मी इथेच उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार, का उभा आहे ते." दुकानात तेव्हा दोन माणसं होती. ती वळून बघायला लागली.

"हायड्रोफ्लोरिक," तो खालच्या आवाजात म्हणाला. "थोडंच असतं वो. सगळेच घालतात."

मी दुकानाच्या पायरीवरूनच डॉक्टरांना फोन केला. नाव सांगितलं.  मग त्या म्हणाल्या, "काच खाणारं आम्ल आहे ते. कातडीवर थांबत नाही, आत हाडापर्यंत जातं आणि शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. त्याचे उपचार वेगळे आहेत. मी लगेच सुरू करते." मग हळू आवाजात, "काल कळायला हवं होतं."

डॉक्टरांनी कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, त्याचंच मलम करून लावलं. वेदना हटली. मधलं बोट वाचलं, पण त्याला कायमचा बधिरपणा आला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक काळं पडत गेलं आणि वरचं पेर काढावं लागलं. शालनने ते ऐकलं तेव्हा ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "उजव्याच हाताचं का वो बाई? बरश तर डाव्या हातात हुता." 

ती दवाखान्यात असतानाच राजाभाऊंच्या गाडीचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही फेंडर घासून, नवा रंग देऊन, वर क्लिअर मारून द्यायचं. दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. काम वाईट करणं मला जमत नाही, ही माझी अडचण. गडद निळ्या रंगात जुनं-नवं मिसळणं सोपं नसतं. मी मिसळलं. सांधा कुठे आहे ते मलाच नंतर सापडेना. गाडी न्यायला राजाभाऊ आले. वर्कशॉपच्या मालकांनी त्यांना नारळ दिला, शाल दिली, झाल्या गोष्टीबद्दल हात जोडून माफी मागितली. राजाभाऊंनी फेंडरवरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आण्णा, हात आहे की काय! तोड नाही तुमच्या हाताला."

मला तिथे उभं राहवेना. मी रंगाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मग मालकांसमोर बोलणं झालं. मालक, अजित साहेब, मी आणि शालनचा नवरा. तो सरळ माणूस, टोपी हातात घेऊन बसला होता. मालक म्हणाले, दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल. ते त्यांनी बघितलं, हे सांगितलं पाहिजे. "पण," ते पुढे म्हणाले, "मोजे दिलेले असताना तिने घातले नाहीत. यात आमचा दोष कसा?"

मी म्हणालो, "घातले होते. फाटले. दुसरे मागितले, संपले होते. आणि ते मोजे कामाचे नाहीत हे मी साहेबांना दोनदा सांगितलंय." अजित साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना म्हणालो, "साहेब, सांगितलं होतं की नाही?"

"इतक्या गोष्टी असतात आण्णा रोज," ते म्हणाले. "सगळं कसं लक्षात राहणार?"

आता शालनचा नवरा पुढे सरकला. तो म्हणाला, "मालक, तुमी फडकं धरायला लावलं ते गाडीला काय लागू नये म्हणून. व्हय का न्हाई?"

"हो, पण..."

"न्हाई, एवढंच इचारायचं हुतं." तो उठला, टोपी घातली आणि गेला.

हात बरा झाला की कामावर ये, असा निरोप शालनला गेला. हात बरा झाल्यावर ती आली, तेव्हा चाकांवर दुसरी बाई बसली होती. तुला आता जमणार नाही, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, असं तिला गेटवर सांगण्यात आलं. मी पुन्हा भांडलो. दुसरं काही काम द्या, गाड्यांच्या आतली झाडलोट द्या. मला सांगण्यात आलं की फोरमनने आपल्या खात्यात लक्ष घालावं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मालक माझ्याशी कामापुरतंच बोलले. मीही.

रिमचं पाणी पुढे बंद झालं का? झालं. शालनच्या बोटाने नाही झालं. तिच्या नंतरही निळे कॅन येतच होते. एका बड्या पुढाऱ्याची पांढरी गाडी आली, तिच्या मागच्या दारावर हाताच्या पंज्याएवढा डाग पडला, आणि त्याच आठवड्यात कॅन भंगारात गेले. नवीन औषध आलं, जांभळं होणारं, घाण वास येणारं, निर्धोक. मी त्या दिवशी धुलाई विभागात जाऊन उभा राहिलो. चाकांवर बसलेली नवी बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आधीचं बरं हुतं, वास तरी नव्हता."

निवृत्तीनंतर एकदा कामासाठी साताऱ्याला गेलो होतो. स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तर मागून हाक आली. शालन. वाळली होती, केस पिकले होते, हातात भाजीची पिशवी. शेजारी मुलगी, आता कॉलेजला जाणारी. मुलीने वाकून नमस्कार केला.

"आता काय करतेस?" मी विचारलं.

"शेतात भांगलायला जाते. डावा हात हाय की." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मधी हाटेलात लागलेवते, हायवेला. भांडी आन् फरश्या. त्येनी एक बाटली दिली, संडास धू म्हनले. मी म्हनलं, यात काय हाय त्ये आधी वाचून दाखवा. तर म्हनले, तुला काय करायचंय. मग म्हनलं, न्हाई मी हात लावत."

"मग?"

"मग काय, उद्यापास्नं येऊ नगं म्हनले. त्याच्या आधी एका दवाखान्यात लागलेवते झाडूवाली म्हनून. तितंबी आसंच झालं." ती हसली, पण पूर्वीसारखी खदखदून नाही. "लोकं म्हंत्यात, लय बोलती ही बाई."

मुलगी मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, तिला आईची लाज वाटत असावी. तेवढ्यात तीच म्हणाली, "आता मीच जाते आधी. कुठं काम लागलं की मी जाऊन बाटल्या वाचून येते. मग आई जाते."

"आन् मग त्ये दोघींनाबी हाकलून देत्यात," शालन म्हणाली.

त्यांची औंधची गाडी लागली. गर्दी झाली. शालनने पिशवी मुलीकडे दिली, डाव्या हाताने दांडी पकडली आणि चढून गेली.